म्युझियमात फोटो बघायला जाताय? मग जरा तिरकं उभं रहा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घरात सोप्यात आजोबांचा एक फोटो आहे. म्हणजे होता, त्याचं पुढं सांगतो. फेटा, बंद गळ्याचा कोट, एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागं स्टुडिओतला रंगवलेला पडदा आणि दर दसऱ्याला नवा हार. त्या फोटोत कोटाच्या काळ्या भागावर, कडेकडेनं, एक निळसर चकाकी आलेली. समोरनं दिसायची नाही, दारातनं आत येताना तिरकी नजर पडली की चमकायची. आज्जी सांगायची, आजोबांचं तेज आहे ते. मीपण चाळिशीपर्यंत तसंच धरून चाललो होतो, मग एकदा बेंगळुरात भाचीनं हाताला धरून फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं आणि तिथं एका जुन्या फोटोच्या कोपऱ्यात डिट्टो तीच चकाकी. म्हटलं ह्यांच्यापण आजोबांना तेज आलंय काय. भाची हसायला लागली. "मामा, चांदी आहे ती. खरी चांदी."

तेव्हापासून मला हे खूळ लागलंय.

आता आपल्याकडं कुणालापण सांगा की फोटो बघायला बेंगळूरला चाललोय, पहिला प्रश्न ठरलेला: अरे मोबाईलवर दिसतात की, त्यासाठी रात्रभर रेल्वेत कशाला बसायचं? प्रश्न काय चुकीचा नाही. पेंटिंग एकच असतंय, ते जाऊनच बघायला लागतंय हे पटतं, खरं फोटोच्या तर पाहिजे तेवढ्या कॉप्या निघतात, मग भिंतीवरच्या कॉपीला असं काय सोनं लागलंय? (सोनं नाही, चांदी. कधीकधी प्लॅटिनम. येतो त्याच्यावर.)

मोबाईलवर काय होतं बघा, हातभर लांबीचा फोटो असू दे नाहीतर काडेपेटीएवढा असू दे, स्क्रीनवर दोन्ही एकाच मापाचे. सगळ्यांच्या मागनं सारखाच लाईट. कागद नाही, जाडी नाही, पाठ नाही. शहापूरच्या दुकानात गादीवर बसून साडी उलगडून हातात घेणं आणि तीच साडी व्हॉट्सॲपवर बघणं, एवढा फरक आहे ह्याच्यात. पदर तोच असतो हो, खरं वजन कळत नाही. गॅलरीत टांगलेला फोटो ही पहिल्यांदा एक वस्तू असते, कुणीतरी हातानं केलेली, आणि तिच्यावर एक चित्र असतं. आपण फक्त चित्र बघून पुढं जातो आणि मग बाहेर येऊन म्हणतो, काय नव्हतं विशेष.

तर आधी कागदाचं बघू, कारण खरी मजा तिथंच आहे.

फोटो म्हणजे शेवटी काय, उजेड लागला की काळी पडणारी चांदीची संयुगं, ती कशावरतरी धरून ठेवायची आणि मग पुढं काळी पडू द्यायची नाहीत. ह्यासाठी माणसानं नाना उद्योग केले. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसाची जी पद्धत जाहीर झाली तिच्यात कागदच नव्हता, चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आरशासारखा लख्ख, निगेटिव्ह नाही त्यामुळं दुसरी कॉपी निघायचा प्रश्नच नाही. तो पत्रा जरा कलता करून बघितला तर आतला माणूस दिसतो, सरळ बघितलं तर आपलंच तोंड. १८५० मध्ये अंड्यातलं पांढरं लावलेला कागद आला, त्याला अल्ब्युमेन म्हणतात, आणि पुढची तीस-चाळीस वर्षं जगातले बहुतेक फोटो त्याच्यावरच छापले गेले. जर्मनीत ड्रेस्डेनला हा कागद करायचा एवढा मोठा कारखाना होता की रोजची ६०,००० अंडी लागायची. हे घरी सांगितलं तर बायकोचा पहिला प्रश्न, मग पिवळ्याचं काय करायचे? चामड्याच्या धंद्याला विकायचे म्हणे.

अल्ब्युमेन प्रिंट ओळखायला सोपा आहे. रंग काळा-पांढरा नसून तांबूस चॉकलेटी, पांढरा भाग पिवळट झालेला, आणि कागद इतका पातळ की जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. राजा दीनदयाळांचं नाव ऐकलं असेल, १८४४ ते १९०५, आधी इंजिनिअर, मग निजामाचे दरबारी फोटोग्राफर, त्यांचे फोटो बहुतेक असेच. त्यात अजून एक गोष्ट. तेव्हा फोटो मोठा करायची आजच्यासारखी सोय नव्हती, काचेची निगेटिव्ह कागदावर ठेवून वर ऊन द्यायचं, जेवढी काच तेवढाच फोटो. मोठा फोटो पाहिजे असेल तर कॅमेराच पेटीएवढा. त्यामुळं त्या फोटोत बारकावा एवढा असतो की मी नाक लावून बघितलं (काचेला टेकवलं नाही, वॉचमन मागंच उभा होता) तर लांबच्या गच्चीवर वाळत घातलेलं धोतरसुद्धा दिसत होतं.

मग आलं जिलेटिन. विसाव्या शतकातले ब्लॅक अँड व्हाइट फोटो जवळपास सगळे जिलेटिन सिल्व्हर प्रिंट, म्हणजे आपल्या घराघरातले आई-वडलांच्या लग्नाचे फोटोपण तेच. हाडं-कातडी शिजवून काढलेल्या जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे बारीक काळे कण. प्लॅटिनम प्रिंटमध्ये असा थरच नसतो, धातू सरळ कागदाच्या धाग्यात मुरतो, त्यामुळं चमक अजिबात नाही, पॉलिश केलेली फरशी आणि शेणानं सारवलेली जमीन जवळजवळ ठेवली तर कसं दिसेल तसा फरक. काळा रंग तर असा मऊ की हात फिरवावासा वाटतो. फिरवायचा नाही. आताचे नवीन फोटो बहुतेक इंकजेट असतात, म्हणजे प्रिंटरवर काढलेले, चांगल्या रंगद्रव्याच्या शाईचे, आणि त्यात कमीपणा काही नाही, कागद मात्र बघून घ्या.

हे सगळं समोर उभं राहून कळत नाही. एक पाऊल बाजूला सरका, मान जरा कलती करा, दिव्याचा उजेड फोटोच्या अंगावरनं घसरत जाईल असं उभं रहा, मग थर दिसतो, सुरकुती दिसते, कुठं ब्रशनं डाग बुजवलाय ते दिसतं. लोक बघतात जरा विचित्र नजरेनं, बघू द्यात.

आणि असं तिरकं बघताना आजोबांचं तेज सापडतं. त्या चकाकीची गोष्ट अशी की ओल आणि हवेतले काही वायू, म्हणजे नवीन ऑइल पेंट, प्लायवूड, धूर असलं काहीबाही, ह्यांनी त्या चांदीच्या कणांवर रासायनिक क्रिया होते, चांदी विरघळल्यासारखी होऊन हळूहळू वर पृष्ठभागावर येते आणि तिथं पुन्हा धातू होऊन बसते, अगदी पातळ आरसा. कडेनं सुरुवात होते कारण हवा कडेनंच आत शिरते, आणि काळ्या भागात जास्त कारण चांदी तिथंच जास्त. आमच्या खानापूरला चार महिने पाऊस कसा पडतो हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं फोटोचं काय.

ह्याच ओलीमुळं फोटो काचेला चिकटतो. जिलेटिन ओलं झालं की फुगतं, चिकट होतं, नंतर वाळताना काचेला धरून बसतं. गॅलरीत फोटोभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट असते ना, मी समजायचो शोभेसाठी असेल. त्या पुठ्ठ्याच्या जाडीएवढी फट फोटो आणि काचेत राहते, खरं काम तिचं ते आहे.

दुसरी तक्रार सगळ्यांची, आत अंधार फार. हो, मुद्दाम असतो. जुन्या आणि रंगीत फोटोंना उजेड साधारण ५० लक्सच्या आसपास ठेवतात. एक मेणबत्ती एक मीटरवरनं जेवढा उजेड पाडते तो १ लक्स, म्हणजे पन्नास मेणबत्त्यांएवढा. बाहेर भर दुपारी उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. उजेडानं झालेलं नुकसान भरून येत नाही आणि ते साठत जातं, आज दोन तास, उद्या दोन तास, हिशोब चालूच. म्हणून काही महिने टांगला की फोटो परत अंधारात विश्रांतीला, आणि तुम्ही पुढच्या वर्षी गेलात तर तो भिंतीवर नसतो. मुळात उजेडानंच तयार झालेली वस्तू आणि उजेडच तिचा वैरी.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, म्हणजे तिथल्या जुन्या जैन देवळात, कधी भर उन्हातनं आत गेलाय? पहिलं मिनिटभर काही म्हणजे काही दिसत नाही, मग हळूहळू छतातलं ते दगडी कमळ पाकळी पाकळीनं वर उमटायला लागतं. गॅलरीत तसंच करायचं. आत गेल्या गेल्या पहिल्या फोटोपुढं उभं राहून वैतागू नका, पाच मिनिटं बाकावर बसा, मोबाईल खिशात ठेवा कारण स्क्रीन बघितली की डोळे परत पहिल्यासारखे, आणि मग उठा.

आता तो कॉप्यांचा प्रश्न, की फोटोत ओरिजिनल असं काय असतं. इथं मला आपल्या सुळेभावीच्या मातीतला माणूस आठवतो, कुमार गंधर्व, जन्म १९२४, आपल्याच जिल्ह्यातला. बंदिश कागदावर लिहिलेली असते, चार ओळी, ती कुणीही वाचू शकतो. खरं मैफिलीत ती दर वेळेला वेगळी उभी राहते. अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स म्हणून फोटोग्राफर होते, स्वतः आधी पियानो शिकलेले, ते हेच म्हणायचे, निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन. त्यांचा १९४१ मधला एक फोटो आहे, न्यू मेक्सिकोतलं एक छोटं गाव, खाली कबरीचे पांढरे क्रॉस, वर उगवलेला चंद्र. ह्या एकाच निगेटिव्हवरनं त्यांनी पुढं आयुष्यभर हजाराहून जास्त प्रिंट काढले. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश करडं, ढगांचे पट्टे दिसतायत, आणि वय वाढेल तसं आकाश काळं काळं होत गेलं, शेवटी शेवटी नुसता काळोख आणि चंद्र. तोच चंद्र, तीच संध्याकाळ. तेव्हा ह्यातला कुठला प्रिंट बघितला ह्याला अर्थ आहे, नुसता 'तो फोटो बघितला' म्हणून भागत नाही.

म्हणून लेबल वाचा. माझं निम्मं आयुष्य लेबल न वाचता गेलं. समजा असं लिहिलंय: सौंदत्ती, १९७९, प्रिंट २०१४, जिलेटिन सिल्व्हर, ४० × ५० सेमी, ३/१०. (हे मी मनानंच बनवलंय.) म्हणजे शटर दाबलं १९७९ मध्ये, पण ही वस्तू बनली २०१४ मध्ये, मधे ३५ वर्षं गेली, माणसाची नजर बदलली असणार. शटर दाबल्यावर थोड्या दिवसातच काढलेला जो प्रिंट असतो त्याला व्हिंटेज म्हणतात आणि बाजारात त्याचाच भाव जास्त. ३/१० म्हणजे दहाच काढणार असं कबूल केलंय आणि हा तिसरा, ह्याला एडिशन म्हणतात. दहाच का, अकरा काढले तर कागद फाटतो काय? नाही फाटत. तो शब्द दिल्याचा मामला आहे, आणि सगळा बाजार त्या शब्दावर चालतो. लेबल बेंगळुरात बहुतेक कन्नड-इंग्रजीत, मुंबईत मराठी-इंग्रजीत, आम्हा सीमेवरच्या लोकांना दोन्हीकडं चालतंय, जन्माला येऊन एवढा एक फायदा.

पैशाचं निघालंच आहे तर सांगून टाकतो. जर्मन फोटोग्राफर आंद्रेयास गुर्स्की, ऱ्हाइन नदीचा फोटो, २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला गेला. मोबाईलवर बघाल तर हिरवा पट्टा, राखाडी पट्टा, परत हिरवा पट्टा, वर आभाळ, संपलं. मी पण म्हटलं ह्यात काय आहे, मलप्रभेच्या काठाला असले शंभर काढून देतो. पण फ्रेमसकट तो साडेतीन मीटरच्या वर रुंद आहे, म्हणजे पुढं उभं राहिलं की डावी-उजवी कड नजरेत एकदम मावतच नाही, नदीच्या काठाला उभं राहिल्यासारखं. आणि पलीकडच्या काठावरची इमारत त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकलीय. ही लबाडी का? माझं मत विचाराल तर बातमीचा फोटो असता तर लबाडी, इथं नाही. किंमत मात्र मला अजून पचलेली नाही, तेवढं आपलं शेतकरी डोकं.

ह्या गुर्स्कीचे गुरू बर्न्ड आणि हिला बेखर हे नवरा-बायको. ह्यांचं काम मला सगळ्यात पटलं आणि कारण ऐकून हसाल, पाण्याच्या टाक्या. उंच टाक्या, भट्ट्या, खाणीवरचे मनोरे ह्यांचे फोटो ह्या दोघांनी जन्मभर काढले, कायम ढगाळ हवेत म्हणजे सावली पडायला नको, कायम समोरनं, चौकटीत मधोमध, आणि मग नऊ-नऊ, पंधरा-पंधरा फोटो ओळीनं रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एकत्र लावायचे. एक फोटो बघितला तर टाकी. पंधरा बघितले तर तुमची नजर आपोआप तुलना करायला लागते, हिचे पाय बारीक, हिची टोपी वाकडी, ही जरा थोराड. आपल्याकडं येळ्ळूरला, उचगावला, कडोलीला, गावागावात टाकी आहे, रोज बसमधनं दिसते, कधी बघितलीय? १९९० मध्ये व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनात ह्या दोघांना बक्षीस मिळालं ते फोटोग्राफीचं नव्हे, शिल्पकलेचं. तेव्हा भिंतीवर फोटो गटानं लावलेले दिसले तर एकेक सुटा बघू नका, आधी लांबनं सगळे, मग जवळनं. शेजारी कुठला लावलाय हेसुद्धा फोटोग्राफरच सांगत असतो.

आपल्या फोटोग्राफर दयानिता सिंग तर त्याच्याही पुढं गेल्या. त्यांनी लाकडाच्या मोठ्या घड्यांच्या चौकटीच केल्यात, उघडतात, मिटतात, आतले फोटो बदलत राहतात, म्हणजे म्युझियमच चाकावर. त्यांची सरकारी कागदांच्या गठ्ठ्यांची एक मालिका आहे, कपड्यात बांधलेली दप्तरं, छतापर्यंत फायली. ते बघून भाची म्हणाली किती सुंदर, आणि मला पहिल्यांदा घाम फुटला, कारण उताऱ्यासाठी असल्याच एका ऑफिसात मी किती चपला झिजवल्या ते मलाच माहीत. मग अर्धा तास तिथंच उभा होतो. एका गठ्ठ्याची गाठ मारणाऱ्यानं जाताना एक टोक लांब सोडलंय, सोडायला सोपं जावं म्हणून. आमचा दप्तरवालापण तशीच मारायचा.

जायचं कुठं म्हणाल तर बेंगळुरात कस्तुरबा रोडवर म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी, २०२३ ला उघडलं, इमारत बाहेरनं स्टीलच्या पाण्याच्या टाकीसारखीच दिसते, मुद्दाम तशी केलीय, बेखर असते तर लगेच कॅमेरा लावला असता. उघडलं तेव्हाच्या प्रदर्शनांत ज्योती भट्ट यांच्या फोटोंचं एक होतं. बडोद्याचे हे चित्रकार १९६० च्या दशकापासून गावोगावच्या रांगोळ्या, भिंतीवरची चित्रं टिपत फिरले, ज्या दुसऱ्या दिवशी पुसल्याच जाणार होत्या. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्री पकडली की सकाळी बेंगळूर, त्याच रात्री परत, हॉटेलचा खर्च नाही. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, चोर्ला घाटानं गेलं तर एका दिवसात जाऊन येणं होतं. मुंबईला गेलात तर जहांगीर आहेच. आणि एका दिवसात सगळं बघायच्या भानगडीत पडू नका, पहिल्यांदा भरभर एक चक्कर, मग चारच फोटो निवडायचे आणि त्यांच्यापुढं थांबायचं. यल्लम्माच्या गर्दीत दर्शन घेतल्यासारखं दोन सेकंदात पुढं सरकायची सक्ती इथं कुणी करत नाही.

काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं ही अडचण राहतेच. काळा शर्ट घालून गेलं की कमी दिसतं, हे भाचीनं सांगितलेलं. खरं तोमास श्त्रूथ म्हणून बेखरांचाच आणखी एक चेला आहे, त्यानं म्युझियममध्ये चित्रं बघणाऱ्या लोकांचेच मोठमोठे फोटो काढलेत, बरेचसे पाठमोरे. ते बघताना आपण लोकांच्या पाठी बघतो आणि आपल्या पाठीमागं अजून कुणीतरी उभा असतो आपली पाठ बघत.

बेंगळूरहून आल्या आल्या मी आजोबांचा फोटो खाली काढला. घाई करायचं कारण होतं. त्याच्या आधी दोन वर्षं आज्जीचा लग्नातला पोस्टकार्डाएवढा फोटो मीच एका दुकानात दिला होता, लॅमिनेशन करून द्या म्हणून, टिकेल असं वाटून. दुकानाचं नाव नको, त्यांनी सांगितलं ते काम केलं. गरम रोलरमधनं काढला, प्लास्टिक कायमचं चिकटलं आणि आत आज्जीच्या गालावर बुडबुडा. आता ते प्लास्टिक सोडवायला गेलं तर जिलेटिनचा थर त्याच्याबरोबर निघून येणार, म्हणजे आज्जीच निघून येणार. तेव्हा आजोबांच्या बाबतीत मी कुणालाच हात लावू दिला नाही. मागचा पुठ्ठा हळू सोडवला, नशिबानं काचेला चिकटलेला नव्हता. खिडकीपाशी तिरका धरून बघितला तर चांदीच्या खाली, खुर्चीच्या पायाजवळ, पडद्याची खालची कड संपलेली दिसली आणि तिच्या पलीकडं कुणाच्यातरी अनवाणी पायाची बोटं. पडदा धरून उभा असलेला पोरगा असणार. साठ-सत्तर वर्षं तो आमच्या सोप्यात होता आणि आम्हाला पत्ता नाही.

कॅमेरा सरळ धरणाऱ्या स्टँडवर फोटो लावून नीट उतरवून घेतला, भाचीनं चांगल्या कागदावर प्रिंट काढून पाठवली, ती लावायची भिंतीवर. ओरिजिनल पांढऱ्या कागदात गुंडाळून आतल्या खोलीच्या कपाटात, अंधारात, जमिनीपासनं वर. दसऱ्यापर्यंत प्रिंटची फ्रेम काय आली नाही. सकाळी आई हार घेऊन सोप्यात उभी, रिकाम्या खिळ्याकडं बघत. मी तिला लक्स सांगितलं, चांदी सांगितली, ओल सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. मग आता हार कुणाला घालू, कपाटाला?"

घातला की. हँडलला.